दोन टेक्स्ट एन्कोडर एकत्र करताना: कम्फीयूआयमधला क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

कम्फीयूआय म्हणजे नोड नावाचे ठोकळे तारांनी जोडून एआय चित्रं काढायचं साधन, आणि टेक्स्ट एन्कोडर म्हणजे त्यातला प्रॉम्प्ट (चित्रासाठी लिहिलेली सूचना) वाचणारा भाग. असे दोन एन्कोडर मिसळायला घेतलेल्यांची तक्रार बहुतेक वेळा दोनपैकी एक असते. सगळ्या तारा जोडल्या, पण चित्रात काडीचाही फरक पडला नाही. किंवा फरक इतका पडला की चित्राचा चिखल झाला. दोन्हीचं कारण सहसा सेटिंगमध्ये नसतं, क्रमात असतं. आपण नेमकं कुठे मिसळतोय, मिसळण्याजोगं आहे का, आणि मिसळण्याआधी मूळ चित्र कसं होतं, हे तीन प्रश्न सोडवायच्या आधीच लोक रेशो (कुणाचा किती वाटा घ्यायचा तो आकडा) फिरवायला लागतात.

खालची कृती एसडीएक्सएल हे चित्रं काढणारं मॉडेल धरून लिहिली आहे, कारण प्रत्यक्षात मिश्रणाचं काम तिथे बरंच चालतं. फ्लक्स या दुसऱ्या मॉडेलचं प्रकरण वेगळं आहे, ते शेवटाकडे घेतलंय.

## १. आधी जागा ठरवा

टेक्स्ट एन्कोडर प्रॉम्प्टचे टोकन (शब्द किंवा शब्दांचे तुकडे) घेतो आणि प्रत्येक टोकनमागे आकड्यांची एक ओळ देतो. यूनेट, म्हणजे प्रत्यक्ष चित्र काढणारा भाग, काम करताना या ओळी वाचत असतो. या वाटेवर हात घालायला तीन जागा आहेत.

पहिली एन्कोडरच्या आत. दोन एन्कोडरच्या वेट्सची (शिकताना ठरलेल्या आतल्या आकड्यांची) सरासरी काढून तिसरा, नवा एन्कोडर तयार करायचा. नोड: ‘क्लिप मर्ज सिंपल’.

दुसरी एन्कोडरच्या बाहेर. दोन्ही एन्कोडर जसेच्या तसे ठेवायचे, दोघांकडून प्रॉम्प्ट वाचून घ्यायचा आणि बाहेर आलेल्या कंडिशनिंगची, म्हणजे वर सांगितलेल्या आकड्यांच्या ओळींची, सरासरी काढायची. नोड: ‘कंडिशनिंग ॲव्हरेज’.

तिसरी प्रॉम्प्टच्या पातळीवर. एसडीएक्सएलमध्ये क्लिप-एल आणि क्लिप-जी, फ्लक्समध्ये क्लिप-एल आणि टी५-एक्सएक्सएल अशी एन्कोडरची जोडी मुळातच असते. त्या दोघांना वेगळा मजकूर द्यायचा. इथे काहीच मिसळत नाही, फक्त कामाची वाटणी होते.

एकच पक्की फाइल हवी असेल, तिच्यावर पुढे लोरा (मॉडेलला नवी गोष्ट शिकवणाऱ्या छोट्या जोड-फाइल) चालवायचे असतील, तर पहिली वाट. एखाद्याच चित्रापुरता दुसऱ्या मॉडेलचा वास हवा असेल तर दुसरी. ‘टी५चं जास्त ऐक, क्लिपचं कमी’ असं काही मनात असेल तर ते पहिल्या दोन्ही वाटांनी होत नाही; तिसरीच घ्यावी लागते.

इशारा: क्लिप-एल आणि क्लिप-जी यांची एकमेकांशी सरासरी निघत नाही. क्लिप-एलमध्ये १२ थर आणि ७६८ची रुंदी, क्लिप-जीमध्ये ३२ थर आणि १२८०ची, टी५-एक्सएक्सएलच्या एन्कोडरमध्ये २४ थर आणि ४०९६ची. मिश्रण नेहमी एलचं एलशी आणि जीचं जीशी.

## २. तयारी

दोन एसडीएक्सएल चेकपॉइंट (यूनेट, एन्कोडर सगळं एकत्र असलेल्या मॉडेलच्या फाइल) घ्या. त्यांना अ आणि ब म्हणू. अ म्हणजे ज्याचा यूनेट तुम्ही शेवटी वापरणार आहात तो. ब म्हणजे ज्याच्या एन्कोडरमधलं काहीतरी तुम्हाला हवंय तो. ही नावं कागदावर लिहून ठेवा. पुढे रेशोची दिशा यावरच ठरते.

सुट्या एन्कोडर फाइल असतील तर त्या कम्फीयूआयच्या ‘मॉडेल्स’ फोल्डरमधल्या ‘टेक्स्ट एन्कोडर्स’ या फोल्डरात टाका. जुन्या मांडणीत हाच फोल्डर ‘क्लिप’ नावाने आहे. एफपी१६ (प्रत्येक आकडा १६ बिटांत) प्रतीत क्लिप-एल सुमारे २४६ एमबीची आणि क्लिप-जी सुमारे १.४ जीबीची असते. हातातल्या फाइलचा आकार याच्या आसपासही नसेल तर ती दुसरंच काहीतरी आहे किंवा अर्धवट उतरली आहे.

मिश्रणासाठी एफपी८ फाइल वापरू नका. एफपी८च्या नेहमीच्या प्रकारात आकड्याच्या बारकाव्यासाठी जेमतेम ३ बिट असतात. दोन फाइनट्यून (मूळ मॉडेलला पुढे शिकवून केलेल्या) एन्कोडरमधला फरक मुळात बारीक असतो, तो आधीच गोलाकार करून टाकला तर मिसळायला उरतं काय? मिश्रण एफपी१६मध्ये करा, जागा वाचवायची असेल तर शेवटी हलकी प्रत काढा.

सॅम्पलर, म्हणजे नॉइजमधून पायरीपायरीने चित्र काढायची पद्धत, साधा ठेवा: यूलर किंवा डीपीएम++ २एम. ‘ॲन्सेस्ट्रल’ प्रकारचे सॅम्पलर प्रत्येक स्टेपला नवा नॉइज घालतात, त्यामुळे एन्कोडरमधला किरकोळ फरकही चित्रात फुगून दिसतो आणि आपण भलत्याच गोष्टीचं श्रेय रेशोला देतो. सीडच्या (सुरुवातीचा नॉइज ठरवणाऱ्या आकड्याच्या) खाली ‘कंट्रोल आफ्टर जनरेट’ ‘फिक्स्ड’वर ठेवा. मोजमाप १०२४ × १०२४.

चाचणीचे प्रॉम्प्ट आत्ताच पक्के करा. तीन पुरतात, पण तिन्ही वेगळ्या गोष्टी तपासणारे हवेत:

- रंग कोणाला चिकटतो ते पाहणारा: लाल लुगड्यातली म्हातारी, तिच्या हातात निळी छत्री, शेजारी पिवळी सायकल.
- संख्या आणि जागा पाहणारा: टेबलावर डावीकडे पितळी समई, उजवीकडे तीन हिरवे कप.
- शैली किंवा टॅग पाहणारा: ज्या गुणासाठी तुम्ही ब निवडला, नेमका तोच शब्द असलेला प्रॉम्प्ट.

हे प्रॉम्प्ट इंग्रजीतच लिहा. क्लिपचा टोकनायझर (मजकुराचे टोकन पाडणारा भाग) बाइटच्या पातळीवर तुकडे करतो आणि देवनागरीतलं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८मध्ये ३ बाइटचं असतं. त्यामुळे छोटंसं मराठी वाक्यसुद्धा ७५ टोकनांच्या मर्यादेतला मोठा भाग खाऊन टाकतं आणि हाती अर्थ येत नाही. फ्लक्समधल्या टी५चा शब्दसंग्रह तर देवनागरीला ‘अनोळखी’ म्हणून बाजूला सारतो. मराठी समजणारा एन्कोडर मिश्रणातून तयार होईल ही आशा सोडून द्या. मिश्रण वेट्सचं होतं, टोकनायझर जागचा हलत नाही.

## ३. दोघांचं घराणं एक आहे का?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. नेमकी हीच पायरी सर्वात जास्त वेळा गाळली जाते.

वेट्सची सरासरी काढायला दोन एन्कोडरचा आकार जुळणं पुरेसं नाही. दोघं एकाच मूळ मॉडेलपासून फाइनट्यून झालेले हवेत. ओपनएआयचा क्लिप व्हिट-एल/१४ आणि लायॉन या खुल्या चित्रसंग्रहाच्या डेटावर सुरुवातीपासून शिकवलेला व्हिट-एल/१४ ही दोन नावं सारखीच दिसतात, थर तेवढेच, रुंदी तेवढीच. पण दोघं स्वतंत्रपणे शिकलेत. दोन वाण्यांच्या दुकानांत शंभर-शंभर डबे असावेत, एकाच्या सातव्या डब्यात जिरं आणि दुसऱ्याच्या सातव्यात साबण. डब्यांचे क्रमांक जुळवून अर्धं-अर्धं मिसळलं तर जे हाती येईल तेच इथे होतं. शिवाय ओपनएआयच्या क्लिपमध्ये ‘क्विकजेलू’ हे ॲक्टिव्हेशन आहे आणि लायॉनच्या बहुतेक मॉडेलांत साधं ‘जेलू’, म्हणजे आतला हिशोबही एक नाही.

असाच मोह टी५ आणि यूएमटी५ यांच्याबाबत होतो. वॅन या व्हिडिओ मॉडेलसोबत येणारा यूएमटी५-एक्सएक्सएल बहुभाषी आहे आणि त्याचीही रुंदी ४०९६ आहे. म्हणून तो फ्लक्सच्या टी५मध्ये मिसळून मराठी प्रॉम्प्ट चालवावेत असं वाटणं स्वाभाविक आहे. पण त्याचा शब्दसंग्रह निराळा, शिक्षण निराळं, आणि फ्लक्सने त्याची भाषा कधी ऐकलेलीच नाही.

लाँगक्लिप हे तिसरं उदाहरण. ते ओपनएआयच्या क्लिपपासूनच निघालंय, तरी त्याचं स्थानांचं टेबल २४८ टोकनांचं आहे आणि नेहमीच्या क्लिपचं ७७चं (मजकुराचे ७५, शिवाय सुरुवात आणि शेवट दाखवणारे दोन). तो एक भाग तरी जुळणार नाहीच.

आता उलटा प्रसंग. घराणं इतकं एक असतं की मिसळायला काहीच नसतं. एसडी १.५ (एसडीएक्सएलच्या आधीचं मॉडेल) आणि एसडीएक्सएल यांच्या मूळ प्रशिक्षणात टेक्स्ट एन्कोडर गोठवलेले होते. पुढे आलेल्या अनेक फाइनट्यूनमध्येही फक्त यूनेट शिकवला गेला, एन्कोडरला हात लागला नाही. अशा दोन चेकपॉइंटचे एन्कोडर तंतोतंत सारखे असतात. त्यांची कोणत्याही रेशोने सरासरी काढली तरी पहिल्याइतकंच हाती येणार. ‘काहीच बदललं नाही’ या तक्रारींमागे बऱ्याचदा हेच कारण असतं.

तपासा: अ चेकपॉइंटचा यूनेट घ्या. त्याला आधी अ-चा एन्कोडर जोडून चित्र काढा, मग त्याच सीडवर पूर्णपणे ब-चा एन्कोडर जोडून. दोन्ही चित्रं एकसारखी आली तर इथेच थांबा. दुसरा ब शोधा. दुसऱ्या चित्रात प्रॉम्प्टशी संबंधच उरला नाही, तर ब फार लांब गेलेला आहे. पोनी डिफ्युजन व्ही६ एक्सएल हे अशा लांब गेलेल्याचं ठळक उदाहरण: एसडीएक्सएलपासूनच निघालंय, पण ‘स्कोर_९’ सारख्या टॅगांवर आणि मोठ्या प्रमाणावर शिकलेलं. अशांचं मिश्रण करता येतं, मात्र छोट्या प्रमाणात. दोन चित्रं वेगळी आहेत आणि दोन्ही शहाणी आहेत, तर जोडी चांगली जमली.

फाइलच्या हॅशवरून (फाइलमधल्या मजकुरावरून काढलेल्या ओळख-क्रमांकावरून) ही तपासणी करू नका. कम्फीयूआय फाइल सेव्ह करताना त्यात वर्कफ्लोची माहितीही घालतो, म्हणून आतले वेट्स तेच असूनही हॅश वेगळा येऊ शकतो.

## ४. बेसलाइन काढून ठेवा

मर्जचा नोड आणण्यापूर्वी तिन्ही प्रॉम्प्टांची चित्रं दोन किंवा तीन सीडवर काढा: एकदा अ-च्या एन्कोडरने, एकदा ब-च्या. यूनेट आणि व्हीएई (शेवटी आकड्यांचं दिसणारं चित्र करणारा भाग) दोन्ही वेळा अ-चेच. फाइलच्या नावात सीड आणि एन्कोडर लिहा.

यूनेटचंही मर्ज याच वेळी करायचा मोह टाळा. ‘मॉडेल मर्ज सिंपल’ आणि ‘क्लिप मर्ज सिंपल’ दोन्ही एकदम लावले की चित्रातला बदल कुणामुळे झाला हे कधीच सांगता येत नाही. यूनेट मिसळायचाच असेल तर एन्कोडरचा रेशो पक्का झाल्यावर.

## ५. मर्जचा नोड जोडा

नोडांच्या यादीत ‘ॲडव्हान्स्ड’खाली ‘मॉडेल मर्जिंग’ गटात ‘क्लिप मर्ज सिंपल’ मिळेल. त्याला तीन गोष्टी लागतात: क्लिप१, क्लिप२ आणि रेशो.

१. अ चेकपॉइंटच्या लोडरमधली क्लिपची तार क्लिप१ला.
२. ब-च्या लोडरमधली क्लिपची तार क्लिप२ला.
३. मर्जमधून निघालेली तार पॉझिटिव्ह प्रॉम्प्टच्या ‘क्लिप टेक्स्ट एन्कोड’ला.
४. तीच तार निगेटिव्ह प्रॉम्प्टच्या (चित्रात काय नको ते सांगणाऱ्या) नोडलाही.
५. मॉडेलची तार अ-च्या लोडरमधून थेट के-सॅम्पलरला. ब-ची मॉडेलची तार मोकळी राहू द्या.

रेशोची दिशा नीट समजून घ्या. हा आकडा क्लिप१चा वाटा सांगतो. १.० म्हणजे पूर्ण अ, ०.० म्हणजे पूर्ण ब, ०.७ म्हणजे अ सत्तर टक्के आणि ब तीस टक्के. बरेच जण ‘दुसऱ्याचं किती घालायचं’ असा अर्थ लावतात आणि ०.२ लिहून ऐंशी टक्के ब घेऊन बसतात.

त्याहून मोठी गंमत, किंवा खरं तर सापळा, हा की नोड आणल्यावर रेशो मुळात १.० असतो. त्याला हात न लावता चालवलं तर ब-चा थेंबही येत नाही.

इशारा: चौथी पायरी विसरू नका. निगेटिव्ह प्रॉम्प्ट जुन्या एन्कोडरवरच राहिला तर एररही येत नाही आणि चित्रही बरं येतं, म्हणून ही चूक महिनोन्महिने लपून राहते. सीएफजी (प्रॉम्प्ट किती जोरात पाळायचा ते सेटिंग) पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह यांच्यातला फरक वाढवून घेतो. दोन्हीकडे वेगळे एन्कोडर असले की प्रॉम्प्टमधल्या फरकासोबत एन्कोडरमधला फरकही तेवढ्याच पटीने वाढतो. मग रंग भडक होतात, कडा जळतात आणि दोष रेशोला दिला जातो.

तपासा: रेशो १.०वर चित्र काढा. ते अ-च्या बेसलाइनशी जुळलंच पाहिजे. मग ०.०वर काढा. ते ब-च्या बेसलाइनशी जुळलं पाहिजे. या दोन्ही टोकांना नजरेला फरक दिसत असेल तर कुठेतरी तार चुकली आहे. मधल्या आकड्यांकडे वळायचं नाही.

याच वेळी कन्सोलची खिडकी वाचा. वेट्सची नावं जुळली नाहीत तर हा नोड ते भाग मुकाट्याने सोडून देतो, कुठेही लाल चौकट दिसत नाही. म्हणून ‘एरर आली नाही’ हा मर्ज झाल्याचा पुरावा धरू नका. आकार जुळला नाही तर ‘शेप मिसमॅच, वेट नॉट मर्ज्ड’ अशी ओळ कन्सोलमध्ये येते. ती एकदा जरी दिसली तरी तो एन्कोडर टाकून द्या. त्याउलट, सुट्या क्लिप-एल फाइलसोबत ‘टेक्स्ट प्रोजेक्शन’ नसल्याची एकच सूचना येत असेल तर घाबरायचं कारण नाही. एसडीएक्सएल आणि फ्लक्स क्लिप-एलचा तो भाग वापरत नाहीत. गहाळ नावांची लांबलचक यादी आली तर मात्र फाइल चुकीची आहे.

## ६. रेशो शोधा

०.७५, ०.५, ०.२५ या तीन थांब्यांवर तिन्ही प्रॉम्प्ट चालवा. एकदम ०.०५च्या पायऱ्या घेत बसू नका. आधी हवा असलेला गुण कोणत्या दोन थांब्यांमध्ये उगवतो ते पाहा, मग त्याच पट्ट्यात बारीक शोधा.

पाहायचं काय? चित्र ‘छान’ आहे का हे नव्हे. पहिल्या प्रॉम्प्टमध्ये लाल, निळा, पिवळा हे रंग आपापल्या वस्तूंवर राहिलेत का. दुसऱ्यात समई डावीकडेच आहे का, कप तीन आहेत का. तिसऱ्यात हवा तो गुण आला का. बहुतेक वेळा असं दिसतं की तिसरा प्रॉम्प्ट सुधारत जातो आणि पहिला हळूहळू ढासळतो: छत्रीचा निळा लुगड्याच्या काठावर उतरतो, सायकल केशरी होते. रंगांची ही गळती सुरू होते त्याच्या थोडं अलीकडे थांबा.

अगदी ०.५वर गोष्टी सर्वात वाईट दिसू शकतात, दोन्ही टोकं चांगली असूनही. दोन एन्कोडर वेगवेगळ्या दिशांनी शिकलेले असले की मधोमध कुणाचंच धड राहत नाही. असं झालं तर अ-च्या बाजूला, ०.८ ते ०.९च्या पट्ट्यात शोधा. यूनेट अ-चा आहे, त्याचा कान अ-च्या एन्कोडरला सरावलेला आहे. म्हणून पुरावा उलटा नसेल तोवर अ-चा वाटा मोठा ठेवावा असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक गोष्ट आधीच मान्य करायला हवी. दोन्ही एन्कोडरना जे ठाऊक नाही ते सरासरीतून येत नाही. ‘नऊवारी’ लिहिल्यावर अ आणि ब दोघंही साधी पाचवारी काढत असतील तर कोणत्याही रेशोला काष्टा दिसणार नाही. यूनेटने ते नेसणं पाहिलेलंच नसेल तर एन्कोडरने कितीही नीट सांगून उपयोग नाही. त्यासाठी चांगल्या फोटोंवर शिकवलेला लोरा हवा.

## ७. फक्त क्लिप-एल किंवा फक्त क्लिप-जी मिसळायचा असेल तर

‘क्लिप मर्ज सिंपल’ एसडीएक्सएलच्या दोन्ही एन्कोडरना एकच रेशो लावतो. पण अनेकदा ब-मधला एक भाग हवा असतो आणि दुसरा नको. एक सोपी युक्ती आहे.

१. ‘क्लिप सेव्ह’ नोडने अ आणि ब दोघांचे एन्कोडर सेव्ह करा. प्रत्येकाच्या क्लिप-एल आणि क्लिप-जी अशा दोन वेगळ्या फाइल ‘आउटपुट’ फोल्डरात येतील. त्या ‘टेक्स्ट एन्कोडर्स’ फोल्डरात हलवा.
२. ‘ड्युअल क्लिप लोडर’मध्ये ब-ची क्लिप-एल आणि अ-ची क्लिप-जी निवडा. टाइप ‘एसडीएक्सएल’.
३. ही जोडी मर्जच्या क्लिप२ला द्या. क्लिप१ला नेहमीप्रमाणे अ.

क्लिप-जी दोन्हीकडे अ-चीच असल्यामुळे तिची सरासरी तीच राहते, बदलते फक्त क्लिप-एल. जी मिसळायची असेल तर उलट जोडी लावा.

परिणामात मोठा फरक पडतो. एसडीएक्सएलमध्ये प्रत्येक टोकनसाठी एलचे ७६८ आणि जीचे १२८० आकडे शेजारीशेजारी ठेवून २०४८ची एक ओळ होते. त्याशिवाय संपूर्ण प्रॉम्प्टचा सारांश म्हणून जाणारा ‘पूल्ड’ आकडेसंच फक्त जीकडून येतो. म्हणून जीला हात लावला की चित्राची एकूण मांडणी हलते. एलला लावला की सहसा सौम्य बदल होतो. पहिल्यांदा करणाऱ्यांनी एलपासून सुरुवात करावी.

इशारा: ‘ड्युअल क्लिप लोडर’मधला टाइप चुकला तर फाइल लोड होईलही, पण हिशोब दुसऱ्याच मॉडेलचा लागेल. निवड प्रत्येक वेळी वाचून करा.

जुन्या सवयीने ‘क्लिप सेट लास्ट लेयर’ मध्ये घुसवून उणे दोनवर ठेवणारे बरेच आहेत. एसडी १.५च्या ॲनिमे मॉडेलांत त्याला अर्थ होता. एसडीएक्सएलसाठी कम्फीयूआय आपणहूनच शेवटून दुसरा थर घेतो, तेव्हा त्या नोडने काहीच बदलत नाही. काढून टाका, तेवढीच एक शंका कमी.

## ८. लोरा मर्जच्या पुढे, मागे नाही

लोरा अ-च्या लोडरला लगेच जोडला आणि त्यानंतर मर्ज केला, तर एन्कोडरवरचा लोराचा परिणाम रेशोने गुणला जातो. रेशो ०.७ असेल तर ‘स्ट्रेंग्थ क्लिप’ १.० लिहूनही प्रत्यक्षात ०.७च लागतो. ब-च्या बाजूला जोडला तर ०.३. यूनेटवरचा परिणाम मात्र पूर्ण राहतो आणि लोरा लंगडतो.

क्रम असा ठेवा: लोडर, मर्ज, लोरा, मग टेक्स्ट एन्कोड.

मिश्रणानंतर लोरा पूर्वीपेक्षा कमजोर वाटणं शक्य आहे, कारण तो ज्या एन्कोडरवर शिकला तो आता तसाच राहिलेला नाही. ‘स्ट्रेंग्थ क्लिप’ थोडा वाढवून पाहा, ‘स्ट्रेंग्थ मॉडेल’ तसाच ठेवा.

## ९. दुसरी वाट: कंडिशनिंगची सरासरी

इथे एन्कोडर मिसळत नाहीत. अ आणि ब दोघांच्या क्लिपना आपापला ‘क्लिप टेक्स्ट एन्कोड’ द्या, दोन्हींत अगदी तोच प्रॉम्प्ट लिहा आणि दोन्ही तारा ‘कंडिशनिंग ॲव्हरेज’ला जोडा. ‘कंडिशनिंग टू’ला अ, ‘कंडिशनिंग फ्रॉम’ला ब. खालचा ‘स्ट्रेंग्थ’ हा ‘टू’चा वाटा आहे, म्हणजे दिशा मर्जसारखीच.

प्रॉम्प्ट तोच असावा हा आग्रह उगाच नाही. सरासरी जागेनुसार निघते: पहिल्याचं पाचवं टोकन दुसऱ्याच्या पाचव्याशी. प्रॉम्प्ट वेगळे असले तर ‘छत्री’ची सरासरी ‘आणि’शी निघू शकते.

लांबीकडेही लक्ष हवं. प्रॉम्प्ट ७५ टोकनांपुढे गेला की कम्फीयूआय त्याचे तुकडे पाडतो आणि कंडिशनिंगची लांबी ७७ची १५४ होते. नोड नेहमी ‘टू’ची लांबी धरतो. ‘फ्रॉम’ जास्त लांब असेल तर त्याचं शेपूट कापलं जातं. ‘टू’ जास्त लांब असेल तर ‘फ्रॉम’च्या जागी शून्यं भरली जातात आणि प्रॉम्प्टचा उत्तरार्ध फिका पडतो.

नावांच्या साधर्म्यामुळे दोन नोड इथे चुकून वापरले जातात. ‘कंडिशनिंग कॉम्बाइन’ सरासरी काढत नाही, तो दोन्ही कंडिशनिंग वेगळी चालवतो आणि नॉइजचे अंदाज एकत्र करतो. त्यामुळे वेळही जास्त लागतो. ‘कंडिशनिंग कॉन्कॅट’ दोन्ही टोकन-ओळी एकापुढे एक लावतो आणि पूल्ड आकडे फक्त ‘टू’चे ठेवतो. दोन्ही उपयोगाचे आहेत, या कामासाठी नव्हेत.

तपासा: एसडी १.५चं कंडिशनिंग एसडीएक्सएलच्या कंडिशनिंगशी इथे जुळणार नाही; ७६८ आणि २०४८ यांची सरासरी निघत नाही आणि आकाराची एरर येते. ती आली तर आधी कोणत्या लोडरमध्ये कोणतं चेकपॉइंट आहे ते पाहा.

## १०. फ्लक्समध्ये काय करता येतं

फ्लक्समध्ये टोकनागणिक ओळी फक्त टी५ देतो. क्लिप-एलकडून एकच ७६८चा सारांश जातो. म्हणून फाइनट्यून केलेली क्लिप-एल बदलून किंवा मूळ क्लिप-एलशी मिसळून मिळणारा फरक मर्यादित असतो: एकूण बाज, प्रकाश, शैली थोडी सरकते. वस्तू कुठे आहेत, किती आहेत हे टी५च्या हातात राहतं. मिश्रण करायचं तर सातव्या टप्प्यातली युक्तीच वापरा: ‘ड्युअल क्लिप लोडर’चा टाइप ‘फ्लक्स’, टी५ दोन्हीकडे तीच, क्लिप-एल वेगवेगळी. दोन लोडर असल्यामुळे मेमरीचा विचार आधी करा. टी५ची एफपी१६ फाइल एकटीच सुमारे ९.८ जीबीची आहे.

वाटणी करायची असेल तर ‘क्लिप टेक्स्ट एन्कोड फ्लक्स’ नोडमध्ये दोघांसाठी वेगळे चौकोन आहेत. टी५च्या चौकोनात पूर्ण वाक्यांतलं वर्णन लिहा, क्लिप-एलच्या चौकोनात शैलीचे मोजके शब्द. एसडीएक्सएलसाठीच्या तशाच नोडमध्ये मात्र जीचा चौकोन रिकामा ठेवू नका. पूल्ड आकडे तिथूनच येतात, आणि रिकाम्या प्रॉम्प्टचा सारांश यूनेटला मिळाला तर चित्र भरकटतं.

## ११. सेव्ह करा आणि पुन्हा उघडून पाहा

रेशो ठरला की मर्जमधली तार ‘क्लिप सेव्ह’ला जोडा. फाइलच्या नावात अ, ब, रेशो आणि कोणता भाग मिसळला हे सगळं यायला हवं. ‘फायनल’, ‘फायनल२’ अशी नावं दोन आठवड्यांनी कुणालाच उलगडत नाहीत. एकसंध चेकपॉइंट हवं असेल तर ‘चेकपॉइंट सेव्ह’ला अ-चं मॉडेल, मिसळलेली क्लिप आणि अ-चं व्हीएई द्या. सेव्ह करताना तारेत लोरा राहिलेला नाही ना हे पाहा. राहिला तर तो कायमचा फाइलमध्ये मुरतो.

जुन्या साधनांनी केलेली एसडी १.५ची मिश्रणं वापरणार असाल तर एक जुना दोष ध्यानात ठेवा. क्लिपच्या फाइलमध्ये ० ते ७६ असे टोकनांचे स्थानक्रमांकही असतात. काही साधनं त्यांचीही सरासरी काढायची, दशांशात घसरलेला क्रमांक नंतर खालच्या पूर्णांकावर कापला जायचा आणि प्रॉम्प्टमधलं एखादं टोकन गायब व्हायचं. कम्फीयूआयचा नोड हे क्रमांक मुद्दाम वगळतो. पण अशी बिघडलेली फाइल ब म्हणून वापरण्यापूर्वी तिच्यावर दुसरा प्रॉम्प्ट चालवून कप मोजा.

दोन्ही चेकपॉइंटचे परवाने वाचा. मिश्रण दुसऱ्यांना द्यायचं असेल तर दोघांपैकी जास्त कडक असलेल्या अटी पाळाव्या लागतात, आणि काही परवाने मर्ज केलेली फाइल वाटायला सरळ मनाई करतात.

शेवटी कम्फीयूआय बंद करून पुन्हा सुरू करा, मर्जचे नोड नसलेला कोरा वर्कफ्लो घ्या, सेव्ह केलेली फाइल लोड करा आणि त्याच सीडवर तिन्ही प्रॉम्प्ट चालवा. चित्रं मर्जच्या वेळच्या चित्रांशी जुळली पाहिजेत. जुळली नाहीत तर आधी सेव्हच्या नोडमध्ये कोणती तार गेली होती ते पाहा. बहुतेक वेळा ती मर्जच्या आधीची निघते.